टीएमध्ये जायचंय, पण परत आल्यावर नोकरी असेल का?

घणसोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा २७ वर्षांचा, ऐरोलीला एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात ४ वर्षं झाली, घराचा निम्मा हप्ता त्याच्या पगारातून जातो. आता त्याने ठरवलंय की टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून लष्करात सेवा देणाऱ्यांच्या टीए दलाच्या, ऑफिसरची परीक्षा द्यायची. एचआरला त्याने सहज विचारून बघितलं तर उत्तर मिळालं, "वर्षाला दोन महिने? मग रिझाइनच कर ना." आणि गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या पोर्टलवर मिलिटरी लीव्ह असा चक्क एक पर्याय आहे, तो क्लिक केला की इंडियासाठी नाही असं येतं. वडील म्हणतात आधी हातातली नोकरी सांभाळ. ताई विचारतात, याला काही कायदा आहे की नाही, आणि भांडण झालंच तर मध्ये पडणारं कोण आहे?

ताई, कायदा आहे, चांगला जुना आहे, आणि एचआरच्या त्या मुलीला तो माहीत नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे. पण आधी त्या पोर्टलचं सांगते, कारण अर्धा गोंधळ तिथे झालाय.

ते मिलिटरी लीव्ह अमेरिकेतल्या स्टाफसाठी आहे. तिकडे १९९४ चा एक कायदा आहे, युसेरा म्हणतात त्याला. त्यांच्या राखीव दलातला किंवा नॅशनल गार्डमधला माणूस ड्युटीवर गेला तर एका मालकाकडे सगळी मिळून साधारण ५ वर्षांपर्यंतची सेवा धरून त्याची नोकरी राखावी लागते, आणि परत आल्यावर तो गेलाच नसता तर ज्या पायरीवर पोचला असता त्या पायरीवर त्याला घ्यावं लागतं. शिवाय त्यांच्या संरक्षण खात्याची १९७२ पासूनची एक यंत्रणा आहे, ईएसजीआर, तिचे ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक मालकाशी आणि सैनिकाशी दोघांशी बोलून, एक पैसा न घेता, वाद मिटवायला मदत करतात. हे सगळं तिकडचं. तुमचा मुलगा ऐरोलीत बसून भारतीय टीएमध्ये जाणार, त्याला यातलं काहीच लागू नाही. तरीपण मी हे इतकं सांगतेय कारण बोलणी करताना याचा उपयोग होतो, कंपनीच्या वरच्या लोकांना ही कल्पना नवी नाहीये, त्यांच्याच हेड ऑफिसात कोणीतरी हे रोज हाताळतंय.

आता आपलं. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट १९४८ चा, आणि दल उभं राहिलं ९ ऑक्टोबर १९४९ ला. हे दलच मुळी नोकरी-धंदा करणाऱ्या नागरिकांसाठी आहे, पोटापाण्याचं साधन आधी हातात पाहिजे ही त्यांची अटच आहे, टीए म्हणजे फुल टाइम करिअर नाही असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे तुमच्या घरात जो प्रश्न चाललाय की नोकरी का टीए, तो प्रश्नच चुकीचा मांडला जातोय, नोकरी सोडली तर तो टीएसाठी पण बसत नाही. हे त्याच्या बाबांना जरूर सांगा.

त्या कायद्यात ७-अ म्हणून कलम आहे. टीएच्या माणसाला मिलिटरी सेवेसाठी बोलावलं, तर सेवा संपल्यावर त्याला परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि मध्ये खंड पडलाच नसता तर ज्या अटींवर तो असता त्यापेक्षा कमी अटींवर नाही. मालक सरकारी असो की खाजगी. मालकाने नकार दिला किंवा "आता शक्यच नाही" म्हणाला तर दोघांपैकी कोणीही नियमांनी ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतं, मालकसुद्धा, हे लक्षात घ्या. तो प्राधिकारी चौकशी करून तीनपैकी एक करतो, मालकाला सूट देतो, नाहीतर परत कामावर घ्यायला लावतो, नाहीतर भरपाई द्यायला लावतो. भरपाई जास्तीत जास्त शेवटच्या पगाराच्या हिशोबाने ६ महिन्यांची. आदेश मोडला तर दंड आहे, १००० रुपयांपर्यंत.

हो, हजारच. १९४८ च्या कायद्यातला आकडा आहे तो, ऐरोलीतल्या कंपनीत हजार रुपयांना कोण घाबरणार. म्हणूनच मी कोणालाच सांगत नाही की कायदा आहे ना मग बिनधास्त जा. परत घेण्याचा हक्क या कायद्याने मिळतो पण तो मिळवताना आधीची तयारी कामाला येते, आणि ती तयारी मुलाने आजपासून करायची आहे, कॉल आल्यावर नाही.

त्याच कलमात एक मुदत लपलीय आणि माझ्याकडे येणारे लोक तिथेच अडकतात. सेवा संपल्यापासून २ महिन्यांच्या आत माणसाने मालकाकडे परत घ्या म्हणून अर्ज केला नाही तर मालकाला तेवढा एक मुद्दा बचावाला पुरतो. माझ्याकडे वागळे इस्टेटमधला एक मशीन ऑपरेटर आला होता, टीएत जवान, दोनेक वर्षं एम्बॉडी होऊन म्हणजे प्रत्यक्ष ड्युटीवर राहून परत आला. कारखान्यात गेला तर साहेब म्हणाले, "ती लाईन बंद झाली रे, बघू, फोन करतो." हा बिचारा फोनची वाट बघत बसला, साहेब चांगले आहेत, दिवाळीला घरी बोलवायचे, कागदबिगद देऊन त्यांना कशाला दुखवायचं. माझ्यासमोर बसला तेव्हा तिसरा महिना चालू होता. अर्जाचा कागद नाहीच. शेवटी त्याचा मोबाईल चाळताना सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सॲप सापडला, "सर मी सुटून आलोय, कधीपासून येऊ", तारीख परत आल्यानंतर बाराव्या दिवसाची, खाली सुपरवायझरचा अंगठा. तो प्रिंट काढून आम्ही मालकासमोर ठेवला, वकिलाशिवाय, आणि दोन बैठकांमध्ये त्याला दुसऱ्या शेडमध्ये जुन्या ग्रेडवर घेतलं. मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, पण त्या अंगठ्यावर एका कुटुंबाचं भवितव्य लटकलेलं होतं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्यामुळे तुमच्या मुलाला सांगा, परत आल्याच्या पहिल्या आठवड्यातच ईमेल, सोबत युनिटकडून मिळालेला सुटल्याचा कागद, आणि ईमेलची कॉपी स्वतःच्या पर्सनल मेलवर, कारण ऑफिसचा आयडी कधी बंद करतील सांगता येत नाही.

दुसरं, राजीनामा. आयटीवाल्यांमध्ये हे फार चालतं, काढत नाहीत, "तूच पेपर टाक, रिलीव्हिंग लेटर क्लीन देतो" म्हणतात. पेपर टाकायचा नाही. त्याच कलमात लिहिलंय की बोलावण्याचा हुकूम निघाल्यानंतर मालकाने नोकरीवरून काढलं तर ते कर्तव्य टाळायलाच काढलं असं धरलं जातं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. इतकी मोठी बाजू कायद्याने आपल्याला दिलीय आणि पोरं स्वतःच्या सहीने ती घालवून बसतात.

आता पगाराचं, कारण हप्त्याची काळजी तुमच्या पत्रात दोनदा आलीय. त्या कलमाचा सगळा जोर परत घेण्यावर आहे, त्या काळाचा पगार कंपनीने द्यावा असं त्यात नाही. कंपनीने पगारी रजा दिली तर चांगलंच, नाही दिली तर बिनपगारी धरून चाला. पण ट्रेनिंगच्या आणि ड्युटीच्या दिवसांचा पगार लष्कराकडून मिळतो, रेग्युलर ऑफिसरसारखाच, लेफ्टनंटचं बेसिक ५६,१०० पासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि भत्ते. घरी असतो त्या महिन्यांत लष्कराचा पगार नाही. मग हिशोब असा मांडा: कमिशन मिळाल्यावर, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक झाल्यावर, पहिल्या वर्षी एक महिन्याचं बेसिक ट्रेनिंग, दरवर्षी साधारण २ महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी ३ महिने चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत. त्या महिन्यांत कंपनीच्या आणि लष्कराच्या पगारात जो फरक पडेल तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे. पेन्शन डोक्यातून काढून टाका, त्यासाठी ऑफिसरला प्रत्यक्ष एम्बॉडी सेवेचीच २० वर्षं लागतात.

आणि वर्षाला दोन महिने एवढंच असतं असंही समजू नका, आईला मी खोटा धीर देणार नाही. १९६२, १९६५, १९७१ तिन्ही वेळा टीए होती. आणि २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, केंद्र सरकारने टीए नियमांतल्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलवायचे अधिकार दिले, ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायचं त्यात होतं. तेव्हा कित्येक ऑफिसांत सोमवारी खुर्ची रिकामी झाली असेल. तुमच्या मुलावर ही वेळ येऊ शकते आणि तेव्हा दोन महिन्यांचं दोन वर्षं होऊ शकतं, हे त्याने, तुम्ही आणि कंपनीने तिघांनी आधी माहीत करून घ्यावं.

मध्ये पडणारं कोण, हा तुमचा प्रश्न. अमेरिकेसारखा खास सैनिक-मालक मध्यस्थ आपल्या कायद्यात नाही, आपला प्राधिकारी निकाल देतो, समेट घडवत बसत नाही. म्हणून समेट आपण त्याच्या आधी उरकायचा. पहिली पायरी युनिट. कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं, कायद्याचं कलम घालून, कंपनीला सन्मानाने लिहिलेलं पत्र, याने जे काम होतं ते चार नोटिसांनी होत नाही. पत्र एचआरच्या एक्झिक्युटिव्हला द्यायचं नाही, लीगलला आणि साइट हेडला द्यायचं. तिथे नाही जमलं तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, केस टाकायच्या आधी मध्यस्थीसाठी तिथे अर्ज करता येतो. आणि कामगार कायद्याच्या व्याख्येत तो कामगार म्हणून बसत असेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसातले समेट अधिकारी, तिथे ४५ दिवसांत समेट झाला नाही तर पुढे थेट दाद मागता येते. पण हुद्दा आणि काम खरोखर मॅनेजरचं असेल तर हा रस्ता बंद, म्हणून प्रमोशनच्या पत्रावर काय लिहून येतं तिकडे लक्ष ठेवा.

समेटाला बसताना मी मुलांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावते, की समोरच्याचीही खरी अडचण असते. टीममध्ये सहा जण, त्यातला एक गेला, क्लायंट थांबत नाही, त्याच्या जागी घेतलेल्या मुलाचंही पोट आहे, त्याला काढा असं तोंड वर करून म्हणणार का तुम्ही? त्यापेक्षा "तीच खुर्ची" सोडा आणि ग्रेड, सिनिऑरिटी, बेसिक, इन्क्रिमेंट हे धरून ठेवा. कायदाही तशीच भाषा बोलतो, पहिल्यापेक्षा कमी नसलेल्या अटी. दुसरा प्रोजेक्ट, दुसरी शिफ्ट, महापेच्या ऐवजी ऐरोली, हे द्यायला हरकत नाही. पीएफचा मुद्दा मात्र सोडायचा नाही, त्यासाठी कायद्यात ७-ब हे वेगळं कलम आहे, सेवेच्या काळातही त्या फंडातले हक्क चालू राहतात. आणि ग्रॅच्युइटी बघा, तुमच्या मुलाची ४ वर्षं झालीत, ५ वर्षं सलग लागतात, म्हणून गेलेला प्रत्येक दिवस मंजूर रजा म्हणून लेखी पाहिजे, गैरहजेरी म्हणून नको.

मग आत्ता काय करायचं? एचआरशी परत वाद घालायला पाठवू नका. परीक्षा देऊ दे आधी, वयोमर्यादा १८ ते ४२ आहे, त्याला घाई नाही. लेखी, मग इंटरव्ह्यू बोर्ड, मग एसएसबी म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाची चाचणी, मग मेडिकल, गाळण बारीक आहे, पहिल्या वेळी नाही झालं तर खचू नये. लेखी पास झाला की मात्र मॅनेजरला प्रत्यक्ष भेटून सांगायचं आणि संध्याकाळी तेच मेलवर टाकायचं. लपवून ठेवलं आणि एसएसबीला आजारपणाच्या रजेवर गेला, तर उद्या समेटाच्या टेबलावर विश्वासाचा प्रश्न तेच काढतील आणि त्यांचं चुकणार नाही. कॅम्पची तारीख कळली की त्याच दिवशी कळवायची, काम कोण बघणार हे स्वतःच लिहून द्यायचं. मॅनेजर लोक देशप्रेमाच्या विरोधात नसतात हो, त्यांना फक्त ऐनवेळी समजलेलं नको असतं.

त्याच्या बाबांनाही घेऊन या शनिवारी, राम मारुती रोडवर, चारनंतर मी आहे. मुलाचं ऑफर लेटर सोबत आणा, दुसरीकडे कुठलंही काम करायचं नाही असं कलम बहुतेक कंपन्या त्यात घालतात, त्यांच्या लेटरमधली शब्दरचना मला बघायचीय, आणि टीएसाठी त्यातून लेखी परवानगी कशी मागायची तो मेल आपण तिथेच बसून लिहू.