त्या चौथीतल्या पोराबद्दल

प्रिय बाळा,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज बघितला. चौथीतला मुलगा, पोटऱ्यांवर मागच्या बाजूने वळ, विचारलं तर "पडलो" म्हणाला, आणि तू फळा पुसायला डस्टर उचललास तर त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. त्यानंतर मला झोप नाही लागली. फोनच करणार होते पण फोनवर मी अर्धं विसरते, म्हणून लिहितेय, लांबेल, पण सगळं वाच.

तुला जी शंका आलीय ती उगाच नाही आलेली. आपल्याकडची पोरं कातळावर धावतात, कलमावर चढतात, होडीवरून उड्या मारतात, त्यांना लागतंच. पण पडलेल्या पोराला लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, हनुवटीला. पोटरीच्या मागे, मांडीवर, पाठीवर, कानामागे पडून सहसा लागत नाही. आणि एकाच जाडीचे शेजारी शेजारी वळ म्हणजे बहुतेकदा पट्टा नाहीतर वायर. बत्तीस वर्षं शिकवलंय मी, हे वळ ओळखायला मला फार उशीर लागला, तुझ्या पहिल्याच वर्षी तुला दिसले.

आता महत्त्वाचं. तू लिहिलंयस की उद्या त्याच्या घरी जाऊन वडिलांना समजावतो. जाऊ नकोस.

मी गेले होते. नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील, बंदराजवळच्या शाळेत होते. तिसरीतला मुलगा, असाच. दुसऱ्या एका बाईंना घेऊन मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले, बापाने ओटीवर खुर्च्या दिल्या, चहा दिला, "चुकलं बाई, परत नाय व्हायचं" म्हणाला, डोळ्यात पाणीसुद्धा आणलं. मी घरी आले ती अगदी समाधानाने. त्या रात्री त्या पोराला "घरातलं शाळेत सांगतोस काय" म्हणून मारलं. त्याने मला काहीही सांगितलं नव्हतं रे, मीच वळ बघितले होते. तीन दिवसांनी शाळेत आला तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला, आणि मे महिन्यात त्याला मुंबईला काकाकडे पाठवला, दाखला नेला, संपलं. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आज तो चाळिशीत असेल. तू हे माझ्यासारखं करू नयेस म्हणून सांगतेय.

तू विचारलंस की स्वतःच्या पोराला माणूस असा का मारतो. तू लातूरकडचा, तुला इथलं, कोकणातलं थोडं सांगते. बोटीवर जाणाऱ्याचा पैसा दर्यावर. मासळी मिळाली तर हातात रोकड, नाही मिळाली तर मालकाची उचल फिटत नाही, पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद म्हणजे कमाई बंद, दारू मात्र चालू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पंधरा-वीस वर्षांची आंब्याची, सुपारीची झाडं एका दिवसात आडवी झाली, कोरोना होताच, मुंबईची नोकरी गेलेली माणसंही गावात परतलेली, त्या वर्षी घराघरातून मी काय काय ऐकलं ते लिहवत नाही. बरीच पोरं आजीकडे नाहीतर चुलत्याकडे, बाप मुंबईत, आई एकटी किंवा तीही मुंबईत. आणि मारणाऱ्याला विचार, बहुतेकदा तोही लहानपणी फोडून काढलेलाच असतो, त्याला मारण्यापलीकडे दुसरी भाषा कोणी शिकवलेलीच नसते.

पण बाळा, तेवढंच कर्ज असलेली, तेवढीच पिणारी माणसं त्याच वाडीत आहेत जी पोरावर हात टाकत नाहीत. बापाने मार खाल्ला म्हणून तो मारणारच असंही नाही. माझा एक विद्यार्थी आज तांडेल आहे, म्हणजे बोटीवरचा मुख्य, त्याला लहानपणी दोरखंडाने मारलंय मला माहितीय, तो आपल्या मुलीला मोठ्याने हाकसुद्धा मारत नाही. मग फरक कुठे पडतो? मला वाटतं, बोटीच्या मालकावर हात उचलला तर काम जातं, सोसायटीच्या साहेबावर उचलला तर पोलीस येतात, पोरावर उचलला तर काहीच होत नाही, उलट शेजारी म्हणतात वळण लावतोय. हे "काहीच होत नाही" आहे ना, ते मला दारूपेक्षा मोठं कारण वाटतं. आणि त्यात आपण शिक्षक सुद्धा आलो. सुरुवातीची वर्षं मी पट्टी वापरली, पोरांच्या बोटांवर, पाढे चुकले म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९ ला आला, कलम १७ ने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, मी त्याच्या आधी थांबले होते पण फार आधी नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास छापला, त्यात आपला महाराष्ट्रही होता, दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला. घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच.

लैंगिक अत्याचाराचं मात्र वेगळं आहे, ते यात मिसळू नकोस. ते दारू किंवा गरिबीमुळे होत नाही, चांगल्या शिकलेल्या, चौसोपी घरांत पण होतं. तिथे लागतो फक्त पोराच्या विश्वासातला माणूस, मोकळी वेळ आणि घरच्यांचं गप्प बसणं. करणारा बहुतेकदा परका नसतो, ओळखीचा असतो, मामा, शेजारी, शिकवणीवाला. गणपतीत शिमग्यात घर पाहुण्यांनी भरतं, पोरं कुठेही कोणाजवळही झोपतात आणि एखाद्या पोरीने "मला त्यांच्याजवळ नको" म्हटलं तर आपणच तिला दटावतो. मुलग्यांचं तर कोणाच्या मनातही येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा, तो मुलगा-मुलगी दोघांना सारखा लागू आहे हे तुझ्या स्टाफला सांग.

आता तो वर्गात शून्यात बघत बसतो, काल पाठ केलेलं आज विसरतो, त्याबद्दल. तुझे बाकीचे सर त्याला मठ्ठ म्हणतात असं लिहिलंस. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागला की काय होतं बघितलंयस ना? सगळ्या बोटी खाडीत येऊन नांगर टाकतात, कोणी बाहेर जात नाही. ह्या पोराच्या डोक्यात तो बावटा कायम लागलेला आहे. बाप किती वाजता येणार, पिऊन येणार का, पायरीवर पावलं कशी वाजतात, सगळं लक्ष तिथे. धोक्याच्या वेळी शरीरात जी रसायनं सुटतात ती थोडा वेळ असतील तर उपयोगाची, पण महिनोन्महिने सुटत राहिली की झोप, स्मरणशक्ती, राग आवरणं सगळ्यावर परिणाम होतो. काही पोरं गप्प होतात, काही दुसऱ्याला बुकलतात, काहींना चौथी-पाचवीत परत अंथरूण ओलं होतं आणि त्यासाठी परत मार. हे मोठेपणीही सुटत नाही. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा ह्या डॉक्टरांनी हजारो मोठ्या माणसांना त्यांचं बालपण विचारलं आणि १९९८ साली ते छापलं, ज्यांच्या वाट्याला असे अनुभव जितके जास्त तितकं त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त निघाले. म्हणजे आज जो बाप पिऊन मारतोय त्याच्या पिण्याची सुरुवातही कदाचित अशाच एखाद्या पडवीत झालेली असेल.

तर काय करायचं. हे वाचून झालं की १०९८ ला, मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला फोन लाव, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. १९९६ ला मुंबईत सुरू झालेली सेवा आहे ही, आता सरकारच चालवतं. जे दिसलं तेवढंच सांग, सिद्ध करायचं काम तुझं नाही. पुढे जिल्ह्याची बालकल्याण समिती बघते, लगेच पोराला घरातून उचलून आश्रमात टाकतात ही भीती काढून टाक, संस्थेत ठेवणं हा कायद्याप्रमाणे शेवटचा उपाय आहे. आपल्या सांभाळातल्या मुलाला मारणं, छळणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि उद्या कधी लैंगिक अत्याचाराची शंका आली तर तिथे कळवणं तुझ्या मर्जीवर नाही, पोक्सो कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवायलाच लागतं, लपवलं तर लपवणाऱ्यालाही शिक्षा, चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण.

जे बघितलंस ते तारीख, वेळ घालून वहीत लिहून ठेव, त्याचे शब्द जसेच्या तसे, तुझं मत नको. वळांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस, स्टाफच्या ग्रुपवर पण नाही. त्याला चारचौघात विचारू नकोस, परत परत तर अजिबात नको. तो आपणहून बोलला तर ऐक, "तू सांगितलंस ते बरं केलंस, ह्यात तुझी काही चूक नाही" एवढंच बोल. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नकोस, कारण ते तुला मोडायला लागेल आणि त्या पोराशी आधीच सगळ्यांनी वचनं मोडलीत.

गावकीतून निरोप येईल. इथे भांडणं, मानपान, पालखी सगळं गावकीत ठरतं, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं मंडळ पण फोन करेल, "गुरुजी, वाडीची अब्रू आहे, बसून मिटवू." तू बाहेरचा आहेस हे पण ऐकवतील. वाद घालू नकोस, शांतपणे सांग की हे आता माझ्या हातात नाही, कळवून झालंय. त्यासाठीच आधी फोन लाव म्हणतेय.

वर्गात त्याची जागा बदलू नकोस, दारातून आत येताना नजरेला नजर दे, नावाने हाक मार. आणि त्याच्या जवळून जाताना हात खिशात नाहीतर पाठीमागे ठेव, डस्टर टेबलावरच राहू दे काही दिवस, फळा पोरांना पुसायला दे.

तुमच्या खोलीवर रेंज नसते, चढावर देवळापाशी ये, तिथे लागतो फोन. मग संध्याकाळी घरी ये, जेवायलाच ये, कोणी काय म्हटलं ते सगळं सांग. मी दिवेलागणीपासून ओटीवरच आहे.

तुझी,
बाई