भोक बुजवलेलं नाणं आणि ‘मातीतून निघालं तसं’

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. आठ महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून गोव्याच्या कदंब राजघराण्याचं सोन्याचं नाणं १,३५,००० रुपयांना घेतलं. व्हॉट्सॲपवर त्यानं लिहिलं होतं, ‘ओरिजिनल. खानापूर भागातल्या शेतात सापडलेलं. मातीतून निघालं तसं आहे, कुणाचा हात लागलेला नाही.’ पावतीवर फक्त ‘जुने सुवर्ण नाणे, १ नग’ आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. गेल्या आठवड्यात बेळगावच्या एका सराफानं भिंगातून पाहून सांगितलं की सिंहाच्या शेपटीजवळ भोक बुजवलंय. विक्रेता म्हणतो, दुरुस्ती म्हणजे नकली नव्हे. पोलिसांत जाऊ का? कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : गुरुजी, ‘दुरुस्ती म्हणजे नकली नव्हे’ हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच अस्सल-नकलीच्या वादात तुम्ही उतरू नका. तिथे तो जिंकेल. शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाच्या काळातलं, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत सप्तकोटीश्वर या त्यांच्या कुलदैवताचं नाव असलेलं नाणं खरंच असेल. त्याच राजाच्या राणीनं, कमलादेवीनं, आपल्या जिल्ह्यात देगावचं कमलनारायण मंदिर बांधलं, तेव्हा या नाण्याची ओढ मी समजू शकतो. पण तुमचा दावा एवढाच की सांगितलं एक आणि दिलं दुसरं.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. शेपटीचा बाक एका ठिकाणी तुटतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो, तेवढ्या गोल जागेत सोनं जरा लालसर दिसतं. आपल्याकडे जुन्या मोहरा-पुतळ्यांना भोक पाडून किंवा कडी लावून गळ्यात घालायची रीत. बाजारात आणताना तेच भोक सोन्यानं भरतात आणि वरून कोरणी फिरवतात. नाणं पाडताना ठशाखाली धातू दाबून पसरतो, त्यामुळे उठावाची कड गोलसर, मऊ असते. कोरणीची रेघ धारदार असते आणि तिच्या तळाशी ओरखडे राहतात. तुमच्या फोटोत मला हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. वजन बरोबर भरतं म्हणून तो विक्रेता निश्चिंत असेल, पण भोक भरल्यावर वजन बरोबर भरणारच की!

माझं किंवा सराफाचं तोंडी मत मात्र पुराव्याला पुरत नाही. हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे यंत्रावर नाणं तपासून घ्या, एकदा मधे आणि एकदा बुजवलेल्या जागी, आणि दोन्ही आकडे लेखी मागा. डाखेच्या, म्हणजे सोनं सांधायच्या धातूच्या, जागी कॅडमियम निघालं तर काम सोपं होतं. केडीएमचे दागिने आठवतात ना? त्यातला तोच धातू. त्याचा शोधच १८१७ सालचा, तेव्हा बाराव्या शतकातल्या टांकसाळीत तो कुणी मुद्दाम घालणं शक्य नाही. कॅडमियम निघालं नाही म्हणून डाख नाही, असं मात्र समजू नका. आणि नाणं कसोटीवर घासू देऊ नका, वितळवून चाचणी करू देऊ नका, चकचकीत तर मुळीच करू नका. तुमचा साक्षीदार तेच नाणं आहे.

आता कायदा. फसवणूक, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, सिद्ध करायचं तर विक्रेत्याची नियत पहिल्यापासून खोटी होती हे दाखवावं लागतं. ‘मलाही असंच मिळालं’ एवढं तो म्हणाला की फिर्याद अडखळते. त्यापेक्षा १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं १५ वं कलम पकडा : वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूमच असली पाहिजे. इथे त्याला भोक माहीत होतं की नव्हतं याला महत्त्व नाही. ‘कुणाचा हात लागलेला नाही’ हे त्यानं स्वतः लिहिलंय. तो गप्प राहिला असता आणि तुम्ही विचारलं नसतं, तर माझं उत्तर इतकं आशादायक नसतं.

‘परत घेणार नाही’ या छापील ओळीचा बाऊ करू नका. वर्णनाशी न जुळणारा माल त्या ओळीमुळे जुळत नाही. आठ महिने मात्र आडवे येतील. माल इतके दिवस ठेवून घेतला म्हणजे स्वीकारला, असं तो म्हणेल, आणि मग वस्तुविक्री कायद्यानं पूर्ण पैशाऐवजी नुकसानभरपाईच उरते, म्हणजे न छेडलेल्या आणि भोक बुजवलेल्या नाण्याच्या किमतीतला फरक. खोट कळल्यावर गप्प बसलात तर बाजू आणखी पडते. म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा.

कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे सीमेपलीकडच्या विक्रेत्याला तुम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे बोलावू शकता. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आयोग नाणं प्रयोगशाळेतही पाठवू शकतो. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये करा आणि मराठी मेसेजची भाषांतरं जोडा. मूळ चॅट पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचा दाखला लागेल. ‘हा तर धंद्यासाठी घेतो, ग्राहक नव्हे’ असा आक्षेप येईल. हौसेनं घेतलेलं एक नाणं म्हणजे धंदा नव्हे, पण तुम्ही याआधी नाणी विकली असतील तर ते मला आधीच सांगा.

‘शेतात सापडलेलं’ या शब्दांनी मात्र मला थांबवलं. जमिनीतलं धन सरकारला कळवावं लागतं, आणि कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. नोटिशीत हे वाक्य लपवू नका, पण ते विक्रेत्याचं वाक्य म्हणूनच लिहा, तुमचं म्हणून नव्हे. नाणं कधीतरी भोक पाडून गळ्यात घातलं गेलं आणि नंतर कुणीतरी ते भोक बुजवलं. म्हणजे ते शेतातून आलं असो वा नसो, ‘मातीतून निघालं तसं’ हे खोटंच ठरतं.

त्याच्याकडे पुरावस्तू विकायचा परवाना आहे का, हेही विचारता येईल. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. पण हे हत्यार आधी उपसू नका, कारण त्या गुन्ह्यात वस्तूच जप्त होऊ शकते आणि मग तुमच्या हातात ना नाणं ना पैसे. कुणी ‘अमेरिकेला ग्रेडिंगला (दर्जा ठरवून घ्यायला) पाठवा’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. असं नाणं देशाबाहेर धाडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. लेखी मत हवं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना विचारून पाहा. नोटिशीचा मसुदा मी करून देतो. येताना पावतीची मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको.