मुलाकडून भाडं कसं मागू?

“ताई, घराचे पैसे कापले.”

लेस्टरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याच्या मागचं वाक्यही आधीच ऐकू येतं : “घरात अजून कुणाला बोलले नाही.”

पहिल्या वाक्यावर, म्हणजे घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत कापली गेली तर, मदत करणारी माणसं ब्रिटनमध्ये आहेत. सिटिझन्स ॲडव्हाइस, शेल्टर अशा संस्था आहेत, कौन्सिलचे (म्हणजे स्थानिक पालिकेचे) सल्लागार आहेत. माझं काम दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि नऊ भेटींतलं मोजकंच इथं घेतलं आहे.

त्यांना मी वहिनी म्हणायचे, इथंही तेच म्हणते. वय अठ्ठेचाळीस, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ. मुलगा एका गोदामात झीरो अवर्सवर (म्हणजे कामाचे तास ठरलेले नाहीत), मुलगी चौदा वर्षांची. तीन बेडरूमचं भाड्याचं घर. पहिल्या भेटीत त्या आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. पैशांचा विषय निघाला तो उठता उठता, दाराशी.

२०२५ च्या सुरुवातीला मुलगा २१ वर्षांचा झाला आणि त्यांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतल्या घरभाड्याच्या भागातून महिन्याला ९१ पौंड ४७ पेन्स कापले गेले. (आपण सगळे अजून हाउसिंग बेनिफिटच म्हणतो, पण कामाच्या वयातल्या बहुतेकांसाठी त्याची जागा आता युनिव्हर्सल क्रेडिटनं घेतली आहे.) नियम असा की घरात २१ किंवा त्याहून मोठं कमावत्या वयाचं मूल असेल तर त्यानं भाड्याला हातभार लावावा असं सरकार धरून चालतं. त्याला त्या महिन्यात कामाचे तास कमी मिळाले की जास्त, रक्कम तीच. पाठोपाठ घरमालकानं भाडं ६० पौंडांनी वाढवलं. खासगी घरांसाठी मदतीची जी कमाल मर्यादा असते, लोकल हाउसिंग अलाउन्स, ती एप्रिल २०२४ मध्ये वाढली होती आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिथंच गोठवली गेली. वाढलेलं भाडं सगळं वहिनींच्या अंगावर आलं. महिन्याला दीडशे पौंडांचं भगदाड.

ते त्यांनी कसं बुजवलं? भिशीचा नंबर आधी मागून घेतला. दोन महिने किराणा क्रेडिट कार्डावर भरला. हीटिंग मुलं घरी यायच्या अर्धा तास आधी लावायचं. आणि रात्री, “मला भूक नाही, तुम्ही जेवा.”

“मुलाला माहीत आहे?” मी विचारलं.

“त्याला कशाला? आईनं पोराकडून भाडं घ्यायचं का ताई? माझ्या घरात तो काय भाडेकरू आहे?”

समुपदेशनाच्या ज्या पद्धतीत मी शिकले तिथं एकट्या माणसाकडे बघत नाहीत, घराकडे बघतात. कोण कुणाशी काय बोलतं, आणि काय बोलत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं की पैशांच्या तंगीत आधी बजेटचा तक्ता हातात द्यावा. मी तो नंतर देते. लपवून ठेवलेल्या तुटीवर तक्ता चालत नाही, कारण त्यातले निम्मे आकडे खोटे असतात. वहिनींनी लिहून आणलेल्या पहिल्या कागदावर त्यांच्या रात्रीच्या जेवणाचा खर्च होता, जे त्या जेवतच नव्हत्या.

मुलाशी बोला, असं मी तीन भेटी वेगवेगळ्या शब्दांत सुचवलं. दर वेळी त्या मान हलवायच्या आणि पुढच्या वेळी न बोलताच यायच्या. चूक माझीच होती. कसं मागायचं हे मी शिकवत बसले होते. त्यांना मात्र मागणंच पाप वाटत होतं.

पाचव्या भेटीत मी विषय सोडला आणि विचारलं, “वहिनी, तुमचा पहिला पगार आठवतो?”

चेहरा एकदम मोकळा झाला. लग्नाआधी त्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहायच्या. नऊशे रुपये. पाकीट देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि आईच्या हातात दिलं. आईनं त्यातले पन्नास परत दिले, “तुझ्या हौसेला.”

“आईनं भाडं म्हणून घेतले ते?”

“छे! भाडं कसलं?”

“मग काय म्हणून?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अशा वेळी पुढचा प्रश्न टाकण्याचा मोह आवरायला मला बरीच वर्षं लागली. आता आवरतो. शेवटी त्या म्हणाल्या, “काय म्हणून ते नाही सांगता येत. पण त्या रात्री ताटं वाढताना आईनं मला विचारलं, उद्या भाजी कुठली आणायची. तोवर ते फक्त बाबांना विचारायची.”

आणि मग, माझ्याकडे न बघता : “माझ्या पोराला मी अजून काहीच विचारलं नाही.”

इतके दिवस आम्ही दोघी त्या ९१ पौंडांकडे मुलावर टाकायचं ओझं म्हणून बघत होतो. वहिनींच्या आईनं नऊशे रुपयांच्या बदल्यात मुलीला घरात मोठं केलं होतं. इथं आई मुलाला जपता जपता लहानच ठेवत होती. मी हे त्यांना समजावून सांगितलं नाही. त्यांना ते दिसलं होतं.

पुढच्या भेटीला त्या मुलाला घेऊन आल्या. उंच, अबोल पोरगा, खुर्चीच्या टोकावर बसलेला. वहिनींनी सुरुवात केली, अडखळल्या. तोच म्हणाला, “आई, मला माहिती आहे. तुझा फोन चार्जिंगला होता तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमधला मेसेज दिसला. मी २१ चा झालो म्हणून कापलेत.” मग हळूच : “मी एका मित्राकडे खोली बघितलीये. मी गेलो की तुझे परत चालू होतील ना?”

दोन महिने आई त्याच्यापासून लपवत होती, आणि तो आईपासून घर सोडण्याची तयारी.

त्याचा हिशेबही चुकला होता. बेनिफिटची सल्लागार मी नाही, पण इतकं मला ठाऊक होतं : तो घरात आहे म्हणून त्याच्या नावची एक बेडरूम धरली जाते. तो गेला असता तर ९१ पौंडांची कपात थांबली असती खरी, पण मदतीची मर्यादा तीन बेडरूमवरून दोनवर आली असती. दोन्ही दरांत केवढा फरक आहे ते आम्ही तिथंच फोनवर पाहिलं. तो ९१ हून बराच जास्त होता. पोरगा फोनकडे बघत राहिला. “म्हणजे मी गेलो असतो तर अजून...”

वहिनींनी त्याचा हात धरला. मी पाणी आणायला उठले, जरा जास्तच वेळ लावला.

त्याच आठवड्यात दोघं सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये गेले. भाड्याची तूट भरायला कौन्सिलकडे डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंटचा अर्ज केला आणि सहा महिन्यांसाठी थोडी रक्कम मंजूर झाली. ती हक्काची नव्हती, कायमचीही नव्हती, पण दम खायला वेळ मिळाला. अशा योजनांची नावं नि नियम बदलत राहतात. म्हणून कौन्सिलला नाव न घेता सरळ विचारा : भाड्यात तूट पडते आहे, काय मदत आहे?

वाचणाऱ्यांपैकी कुणाला असा मेसेज आला असेल तर आधी तो पूर्ण वाचा, शक्यतो कुणाला तरी शेजारी बसवून. कपात कशामुळे हे कळल्याशिवाय ती बरोबर की चूक ते ठरत नाही. उदाहरणार्थ, तुम्हाला पिपचा (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीच्या भत्त्याचा) दैनंदिन जगण्याचा भाग मिळत असेल तर मोठ्या मुलामुळे ही कपात व्हायलाच नको. निर्णय चुकीचा वाटला तर फेरविचार मागायला साधारण एक महिना असतो. न उघडलेल्या मेसेजमध्ये तो महिना निघून जाताना मी अनेकदा पाहिला आहे.

कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशन या ना-नफा संस्थांच्या घरात राहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. एप्रिल २०१३ पासून कामाच्या वयातल्या भाडेकरूंना एक बेडरूम जास्त ठरली तर ग्राह्य भाड्याच्या १४ टक्के, दोन किंवा अधिक ठरल्या तर २५ टक्के मदत कमी होते. ती ‘जास्तीची’ खोली बहुतेकदा कुणाची तरी असते. घर सोडून गेलेल्या लेकीची, गेलेल्या माणसाची. तिथं आधी त्या खोलीबद्दल बोलावं लागतं, मग टक्क्यांबद्दल. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

भाडं, कौन्सिल टॅक्स, गॅस आणि वीज आधी, क्रेडिट कार्ड नंतर. कार्डवाले फोनवर फोन करतात आणि घरमालक दोन महिने गप्प बसतो, म्हणून माणसं उलटं करतात. पण छप्पर जातं ते भाडं थकल्यानं. तारखेच्या आधी घरमालकाला कळवा, थोडे का होईना पैसे भरा. कर्ज हाताबाहेर गेलं असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ आहे : कर्जसल्लागारामार्फत मागितली की साधारण ६० दिवस वसुलीचा तगादा थांबतो. चालू भाडं मात्र त्या काळातही भरावंच लागतं.

आणि मुलांशी बोलताना “सरकार तुझ्यामुळे कापतं” असं कधीही म्हणू नका. ते वाक्य पोरांच्या डोक्यात आधीच असतं. “घराचा हिशेब बघायला बस माझ्याबरोबर,” एवढ्यानं सुरुवात होते. मुलाचे तास कमी असतील तर रक्कमही कमी ठेवा, त्याच्या हातात त्याचे म्हणून काही राहू द्या. आणि जे मूल स्वतःच आजारी आहे, खचलेलं आहे, त्याच्याकडे पैसे मागू नका. त्याच्यासाठी वेगळी मदत शोधा.

वहिनींच्या मुलानं महिन्याला ८० पौंड देतो म्हटलं. त्यांनी घेतले आणि दहा परत दिले. रात्री आता तिघं एकत्र जेवतात.

शेवटच्या भेटीला धाकटीही आली होती. आई नि दादा फोनवर स्टेटमेंट बघत होते, तेव्हा ती मध्येच म्हणाली, “मला पण बघायचंय.” वहिनी क्षणभर थांबल्या आणि फोन तिच्या हातात दिला.