वहीतला गवा

मे महिन्यातल्या शुक्रवारी म्हापशात पाय ठेवायला जागा नसते. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी जोरात असते आणि सुक्या मासळीचा वास माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या समुपदेशनाच्या खोलीपर्यंत येतो. अशाच एका शुक्रवारी डिचोली तालुक्यातून एक आई आली. घरी तिने 'बाजाराला जाते' म्हणून सांगितलं होतं. ते खोटं पडू नये म्हणून हरमलच्या मिरच्यांची पिशवी आधीच भरून आणली होती, आणि ती पिशवी तिने शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. ओळख पटू नये म्हणून या हकिकतीतले काही तपशील मी बदलले आहेत. मिरच्या मात्र खऱ्या.

"मॅडम, पोरगो पिसो जाला काय, तेवढंच सांगा." पिसो म्हणजे वेडा.

मुलगा पंधरा वर्षांचा. मामा पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून त्याला इंग्रजी कादंबऱ्या आणून द्यायचा. पौर्णिमेला लांडगा होणारी मुलं, अंगावर खवले फुटणाऱ्या मुली, शाळेत होणारे खून. गेला दीड महिना वाचन थांबलं होतं आणि लेखन सुरू झालं होतं. २०० पानी वही निम्म्याहून जास्त भरली होती. तो आंघोळीला गेला असताना आईने ती चाळली आणि तिला घाम फुटला. गोष्टीतला मुलगा अमावास्येच्या रात्री गवा होत होता. आजीचं निदान तयार होतं: पोराने राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवचाराच्या, वाटेत काहीतरी ओलांडलंय, देवळात कौल घ्या, देवचाराला रोटाचा नैवेद्य द्या.

आईने वहीच्या पानांचे फोटो काढले होते. ते मी पाहिले नाहीत. मुलाने स्वतः दाखवली तर वाचीन, असं सांगितलं. आजीला कौल घेऊ द्या, असंही सांगितलं. आजीची श्रद्धा मोडून मला काय मिळणार? फक्त माझी पुढची वेळ चुकवू नका, एवढीच अट घातली.

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा पालक तरी विचारतात. भुताखेतांचं, रूप पालटणाऱ्यांचं वाचून डोक्यावर परिणाम होतो का? नाही होत. आपण खरोखर जनावर झालोय अशी पक्की समजूत होण्याचा आजार वैद्यकशास्त्राला माहीत आहे. त्याला क्लिनिकल लायकॅन्थ्रॉपी म्हणतात. तो अतिशय दुर्मिळ आहे आणि कादंबरीमुळे जडत नाही, गंभीर मनोविकाराचा भाग म्हणून दिसतो. 'तो गवा झाला' असं लिहिणारा मुलगा आणि 'मी गवा झालोय' असं मानणारा मुलगा, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे साळ गावच्या गड्यांच्या जत्रेत अंगात भार आलेली माणसं रात्री रानात धावतात. त्यांना कुणी माझ्याकडे घेऊन येत नाही.

तरी काही गोष्टी मी विचारतेच. झोप किती? जेवण? मित्र तुटले का? इतरांना ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतात का? स्वतःला इजा करणं, मरणाच्या गोष्टी? यातलं काही असेल तर कादंबरीची चर्चा बाजूला ठेवून थेट बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात जावं. निदान १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर तरी फोन करावा. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. या मुलाचं तसं काही नव्हतं. रात्री उशिरा झोपत होता, पण त्या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. क्रिकेट चालू होतं, जेवणही दणकून होतं.

पुढच्या शुक्रवारी तो आला आणि मी माती खाल्ली.

दारातून आत येताना त्याने मान किंचित वाकवली. चौकट डोक्याला लागणार नव्हती, पण सवय नवीन होती. आवाज फाटत होता. वर्षभरात नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढली होती, जी त्या वयातल्या मुलांच्या बाबतीत अगदी होण्यासारखी गोष्ट. झालं, मी मनातल्या मनात उत्तर लिहून टाकलं: अंग बदलतंय, घाबरलाय, म्हणून गवा. आमच्या धंद्यात हे समीकरण इतकं हाताशी असतं की वापरल्यावाचून राहवत नाही. मी हार्मोन्सवर पंधरा मिनिटं बोलले.

"ते सायन्सच्या पुस्तकात आहे, मॅडम," तो म्हणाला.

दुसऱ्या भेटीत मी गप्प बसले आणि वाचक झाले. असं का लिहिलंस, हे विचारलं नाही. पुढे काय होतं, हे विचारलं. त्याने वही स्वतःच काढली.

गोष्ट बरी होती, खरं सांगायचं तर चांगली होती. गावातल्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-केळींच्या बागांत, रात्री कुणीतरी धुडगूस घालतंय, केळी आडव्या होतायत, पोफळीची रोपं तुडवली जातायत. नायक त्याचा तपास करतो. ठसे मोजतो, कुणाच्या कुळागरात कधी नुकसान झालं ते लिहून ठेवतो. आणि दर वेळी सकाळी उठतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या पायांना चिखल असतो. चाळीस पानांनंतर त्याला कळतं की ज्याला आपण शोधतोय तो आपणच. नायकाला नाव नव्हतं.

"लांडगा का नाही केलास?" मी विचारलं.

"आमच्याकडे लांडगे कुठे आहेत? आणि लांडगा खायला मारतो. गवा मुद्दाम मारत नाही. त्याला कळतच नाही आपलं अंग केवढं झालंय ते."

रूपांतराचं वर्णन त्याने दोन ओळींत उरकलं होतं. चिखलाचं वर्णन पाच वेळा आलं होतं. पाय धुणं, चादर लपवणं, आईने विचारल्यावर 'घसरलो' म्हणणं. मी विचारलं, घसरलो असंच का म्हणतो तो?

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरात तसंच म्हणतात."

मार्चमध्ये वडील बोटीवरून सुटीवर आले होते, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून. गेले तेव्हा मुलगा कपाळाला लागत होता, आता वरून बघत होता. तिसऱ्या दिवशी मोबाइलवरून वाद झाला. वडिलांनी मोबाइल ओढला, मुलाने ढकललं. नऊ महिन्यांपूर्वी ज्या धक्क्याने ते जागचे हलले नसते त्याच धक्क्याने ते दाराच्या चौकटीवर आपटले. मनगट मोडलं. दवाखान्यात, शेजारी, मामाला, सगळीकडे एकच सांगितलं गेलं: न्हाणीत घसरले. त्यानंतर घरात कुणी त्यावर शब्द काढला नाही. दोन आठवड्यांनी वही सुरू झाली.

आईने मला हे सांगितलं नव्हतं. तिच्या मते कादंबरीशी त्याचा संबंध नव्हता. मीही विचारलं नव्हतं, कारण माझं उत्तर आधीच तयार होतं.

वडिलांना बोलावलं. ते आले ते थोडे चिडूनच, 'बायकांनी पोराला डोक्यावर चढवलंय' वगैरे. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. मुलाच्या परवानगीने मी त्यांना चिखलाचा उतारा वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितला.

"घसरलो असं मीच सांगितलं," ते म्हणाले. "पोराचं नाव गावात नको म्हणून."

मुलाला वाटलं होतं, आपण जे केलं ते इतकं भयंकर आहे की त्याचं नावही कुणी घेत नाही. बापाला वाटत होतं, आपण त्याला वाचवतोय. मी तिथे काही मोठं बोलले नाही. वडिलांना एवढंच विचारलं की, झालं तसं एकदा सरळ सांगाल का?

"तू ढकललंस," ते त्याच्याकडे वळून म्हणाले. "आधी मोबाइल मी ओढला."

मुलाने विचारलं, "किती दुखलं?"

"खूप."

तो रडला. एवढा उंच मुलगा रडायला लागला की खुर्चीत मावत नाही. वडील उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावा ते त्यांना नीट उमगेना, म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

त्यानंतर आणखी तीन भेटी झाल्या, त्या सगळ्या रागाच्या कामाच्या. हात उठायच्या आधी अंगात काय होतं ते ओळखणं, खोलीतून बाहेर पडण्याची मुभा घरच्यांनी देणं, बाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ ओरडत न जाणं. शेवटची अट मोठ्यांना जास्त जड गेली. मोबाइल कुणी कुणाच्या हातातून ओढायचा नाही, हेही ठरलं. आजीने रोट दिलाच, आणि गुण आला तो त्याचाच असं ती मानते. माझी हरकत नाही.

वही अजून संपलेली नाही. शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, नायकाला कायमचा माणूस करू का? मी आमच्या शिरस्त्याप्रमाणे म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, हे उत्तर नव्हे. आणि मग त्याचा बेत सांगितला. नायक अमावास्येला गवा होणारच, पण गळ्यात घंटा असेल. म्हणजे लोकांना आधी कळेल, ते बाजूला होतील.

"अरे, पण गव्याच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

"बाबा," तो म्हणाला. "पण ते आता बोटीवर गेलेत. पुढच्या सुटीत येतील तेव्हा."