कॅनडाच्या रॉकीज पर्वतात गाडीशिवाय ट्रेक आणि सायकल, दोन्ही जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही आणि तुमची बहीण सप्टेंबरात दहा दिवस पुण्याहून कॅनडाला येताय, बॅन्फ आणि जास्पर या राष्ट्रीय उद्यानांत ट्रेकही करायचाय आणि सायकलही चालवायचीय, पण गाडी भाड्याने घ्यायची नाही.

जमेल. अगदी मजेत जमेल. मी कॅलगरीत राहतो, बॅन्फ इथून सव्वाशे किलोमीटर. उन्हाळ्यात सुट्टीचा दिवस मिळाला की माझी पावलं तिकडेच वळतात. सप्टेंबर निवडलात हे तर फारच छान केलंत. डास संपलेले असतात, गर्दी ओसरते आणि लार्चची झाडं सोनेरी होतात.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. इथल्या बहुतेक पायवाटांवर सायकल न्यायला बंदी आहे, ठरवून दिलेल्या वाटांवरच चालते. त्यामुळे सायकल वाटेच्या पायथ्यापर्यंत न्यायची, कुलूप लावायचं आणि वर पायी जायचं. एकदा हे डोक्यात बसलं की गाडीची गरजच उरत नाही.

सुरुवात कॅनमोर गावातून करा. तिथून बॅन्फपर्यंत सुमारे 25 किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग आहे, लेगसी ट्रेल. 1885 साली स्थापन झालेल्या या उद्यानाला 125 वर्षं झाली, तेव्हा 2010 मध्ये तो खुला झाला. प्रवासाचा शीण उतरायला यासारखं काही नाही. पुढे बॅन्फहून लेक लुईझ या गावी जायला हायवे सोडून जुना रस्ता धरा, बो व्हॅली पार्कवे. अलीकडची काही वर्षं सप्टेंबरात त्याच्या पूर्वेकडच्या 17 किलोमीटरच्या पट्ट्यात खाजगी गाड्या सोडत नाहीत. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. टायरचा आवाज, नदीचा आवाज आणि वाऱ्यावर येणारा पाइनचा वास, एवढंच असतं तिथे.

आता खरा रस्ता, आइसफील्ड्स पार्कवे. लेक लुईझ ते जास्पर, 230 किलोमीटर. गाडीवाले तो एका दिवसात उरकतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही चार दिवस द्या. मालवाहू ट्रकना या रस्त्यावर बंदी आहे आणि कडेला पुरेशी जागा असते, म्हणून सामान लादलेल्या सायकलीवरही धाकधूक होत नाही. दोन खिंडी लागतात, बो समिट आणि सनवाप्टा, दोन्ही 2,000 मीटरच्या वर. सिंहगडाचा घाट सायकलने चढत असाल तर बो समिटचा चढ अंगावर येणार नाही : तो सौम्य आहे, पण चाळीसेक किलोमीटर संपतच नाही. दम काढतो तो सनवाप्टाच्या अलीकडचा बिग बेंड नावाचा वळणाचा चढ. तिथे मी दोनदा उतरून सायकल ढकलली आहे.

मुक्कामाला मॉस्किटो क्रीक आणि रॅम्पार्ट क्रीक अशी साधी होस्टेलं आहेत. नळाचं पाणी नाही, पण लाकडं पेटवून तापवायची सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली आहे आणि दिवसभर पेडल मारल्यावर तिचं मोल कळतं. जागा महिनोन्‌महिने आधी आरक्षित करा. सप्टेंबरच्या मध्यापासून तंबूच्या बऱ्याच जागा बंद होऊ लागतात, त्यामुळे तंबूच्या भरवशावर राहू नका. खायचं सामान लेक लुईझला भरून घ्या. मध्ये सस्कॅचवान क्रॉसिंग आणि कोलंबिया आइसफील्ड हे थांबे सोडले तर फारसं काही मिळत नाही, फोनला रेंजही जवळजवळ नाही.

या रस्त्यावरचा एकच ट्रेक करायचा झाला तर पार्कर रिज करा. सनवाप्टा खिंडीच्या थोडं अलीकडे, जाऊन-येऊन जेमतेम साडेपाच किलोमीटर. नागमोडी वाटेने झाडांच्या वर आलात की धारेवर वाऱ्याचा सपकारा बसतो आणि पलीकडे खाली सस्कॅचवान हिमनदी पसरलेली दिसते. पुढे अथाबास्का हिमनदीच्या वाटेवर वर्षं लिहिलेल्या पाट्या आहेत, त्या त्या साली बर्फाची कड कुठे होती ते सांगणाऱ्या. मी शाळेत होतो त्या काळातली पाटी आज उघड्या दगडगोट्यांत उभी आहे. तिथून बर्फापर्यंत चालत जाताना माझा घसा दाटून आला होता. दोरी लावलीय तिच्यापुढे मात्र पाऊल टाकू नका, भेगांत पडून माणसं गेली आहेत.

जास्परच्या जवळ जळालेलं जंगल लागेल. जुलै 2024 च्या वणव्यात गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या. तरी तिथे जरूर मुक्काम करा, त्या गावाला पाहुण्यांची गरज आहे.

आता अस्वलं. इथे मी कळकळीने सांगतो. सह्याद्रीत जंगलात गप्प चालायचं असं आपण शिकतो. इथे उलट, बोलत चाला. वळणाच्या आधी, ओढ्याच्या खळखळाटाजवळ आणि झुडपांतून जाताना मोठ्याने हाका द्या. मराठीत दिल्या तरी चालतात, माणसाचा आवाज कळला की पुरे. घुंगरांवर विसंबू नका. सायकलवर धोका जास्त, कारण आपण वेगात आणि आवाज न करता येतो. एकदा गोट क्रीकच्या वाटेवर उतारावरून येताना वळणापलीकडे काळं अस्वल बेरी खात बसलेलं दिसलं, वीस-पंचवीस पावलांवर. फांदी तोंडात धरून ते बेरी ओरपत होतं, ओठ लाल झालेले. मी ब्रेक दाबला, हळू आवाजात बोलत सायकल आडवी धरून मागे सरकलो. ते झुडपात निघून गेलं, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. चूक माझी होती, मी हाक दिली नव्हती. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, इथे आल्यावरच घ्या, विमानात नेता येत नाही, आणि तो कमरेला लावा. पॅनियरच्या, म्हणजे सायकलच्या बाजूला लटकवायच्या पिशवीच्या, तळाशी ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच. सप्टेंबरात एल्क हरणांचे नर माजावर असतात, गावातल्या हिरवळीवरही. शीळ घातल्यासारखी त्यांची आरोळी ऐकाल, ती लांबूनच ऐका.

लार्चसाठी मोरेन लेकला जा. 2023 पासून त्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद आहेत, सायकल चालते. पहाटे लेक लुईझहून निघालात तर तलावाभोवतीच्या दहा डोंगरांवर ऊन उतरताना तलावाशी पोचाल. वर लार्च व्हॅलीत मात्र ग्रिझली अस्वलांमुळे अनेकदा चौघांनी एकत्र चालण्याचा नियम लागू असतो. तुम्ही दोघंच आहात, म्हणून वाटेच्या तोंडाशी थांबा आणि दुसऱ्या दोघांना विचारा. सगळेच असे जोडीदार शोधत असतात. तिथून सेंटिनेल खिंडीपर्यंत, 2,611 मीटर, त्यांच्याबरोबरच जा.

सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडू शकतं. उतारावर बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबवत नाहीत, म्हणून जाड हातमोजे पुण्याहूनच आणा. जास्परहून परतायला हंगामात बस असते. सायकल घेतात का, ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. तारखा ठरल्या की इथेच लिहा, कॅनमोर ते बॅन्फ पहिल्या दिवशी मी तुमच्याबरोबर येईन.