ओपनचे पैसे क्लोजला मिळत नाहीत

तुमचा धागा वाचला आणि पोटात जुना गोळा आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेफील्डला मास्टर्स संपत आलंय, घरात सोबत राहणाऱ्या पोरांच्या नादाने पहिल्यांदाच बेटिंगच्या दुकानात जाऊन क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल संघावर २० पौंड लावले. १० ऑगस्ट २०२५ ला वेम्ब्लीवर कम्युनिटी शील्डमध्ये पॅलेसने लिव्हरपूलला हरवलं, ढाल उचलताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी स्लिप परत सरकवत 'हरलात' म्हणून सांगितलं. फसवलं का, तक्रार कुठे करू, आणि हे बेटिंग नक्की चालतं कसं, असे तीन प्रश्न.

फसवलेलं नाही. ९० मिनिटांनंतर स्कोअर २-२ होता. पॅलेस जिंकलं ते पेनल्टी शूटआउटमध्ये, ३-२ ने. तुमच्या स्लिपवर 'मॅच रिझल्ट' छापलेलं असणार, आणि त्या रकान्यापुरता (म्हणजे बेटच्या त्या प्रकारापुरता) निकाल म्हणजे ९० मिनिटं अधिक इंज्युरी टाइम. तिथे सामना बरोबरीत सुटला. पुढची पेनल्टी त्या रकान्याच्या हिशेबात येतच नाही.

आधीच सांगतो, मी तज्ज्ञ नाही, कुणाला लावा म्हणत नाही, आणि माझा एकूण हिशेब तोट्यात आहे. खाली जे आहे ते हे माझं वैयक्तिक मत समजून वाचा. बुकी म्हणजे काय, दुकानात कसं जायचं वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्ही केलंच आहे.

आता माझी गोष्ट. साल २०१८, वर्ल्ड कपची सेमीफायनल, ११ जुलै, मॉस्को. इंग्लंड विरुद्ध क्रोएशिया. मी तेव्हाही इथे इंग्लंडात, लेस्टरलाच. ऑफिसात सगळे जण इंग्लंडच्या प्रशिक्षकासारखा, साउथगेटसारखा, वेस्टकोट घालून यायला लागले होते, आणि जो तो सांगत होता की क्रोएशिया दमलेली आहे, डेन्मार्क आणि रशिया दोन्ही सामने त्यांना पेनल्टीपर्यंत ओढावे लागलेत. मी एकटा क्रोएशियावाला. मॉड्रिचवर माझा जीव. शिवाय गोऱ्या सहकाऱ्यांपुढे आपलं फुटबॉलचं ज्ञान दाखवायची खाज होतीच, खोटं कशाला बोलू.

अ‍ॅपवर दोन रकाने होते. एकात 'क्रोएशिया फायनलला जाणार', भाव दोनच्या जरा वर, म्हणजे जिंकलं तर पौंडामागे मुद्दल धरून दोनच्या जरा वर पौंड हातात. दुसऱ्यात 'मॅच रिझल्ट: क्रोएशिया', भाव ५/२, म्हणजे दशांशात साडेतीन. मी दोन्ही बघितले. हे महत्त्वाचं आहे, दोन्ही बघितले! आणि मला वाटलं, लोक किती मूर्ख, तीच गोष्ट कमी भावात घेताहेत. साडेतीनवर २०० पौंड लावले. तोवर माझी मजल दहा-वीस पौंडांच्या वर कधी गेली नव्हती.

इंग्लंडच्या ट्रिपियरने पाचव्या मिनिटाला फ्री-किकवर गोल मारला, ६८ व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेरिसिचने बरोबरी केली, आणि १०९ व्या मिनिटाला त्यांच्याच मान्जुकिचने गोल केला. पब स्मशानासारखा शांत आणि मी टेबलाखाली मुठी आवळून बसलेलो. ७०० पौंड! घरी येताना मनातल्या मनात खर्चूनही टाकले. सकाळी अ‍ॅप उघडलं तर राखाडी अक्षरात 'लॉस्ट'.

९० मिनिटांना १-१ होतं ना. माझा सामना तिथेच संपला होता, पुढचा अर्धा तास मी फुकट नाचलो.

सगळ्यात जास्त कशाचं लागलं सांगू? क्रोएशियाचे त्याआधीचे दोन्ही बाद फेरीतले सामने ९० मिनिटांत बरोबरीतच सुटले होते. मी दोन्ही पाहिले होते. ऑफिसात त्यावर वादही घातला होता. तरी मी पैसे कशावर लावले, तर क्रोएशिया ९० मिनिटांत जिंकेल यावर. अख्ख्या स्पर्धेत त्यांनी बाद फेरीतला एकही सामना ९० मिनिटांत जिंकला नाही.

आमच्या चाळीत एक काका मटका खेळायचे. शाळाही धड झालेली नव्हती, पण ओपनवर (पहिल्या आकड्यावर) लावलेले पैसे क्लोजला (नंतरच्या आकड्याला) आकडा आला म्हणून मिळत नाहीत हे त्यांना झोपेतही माहीत होतं. मॅच रिझल्ट म्हणजे ओपन. एक्स्ट्रा टाइम, म्हणजे बरोबरीनंतरचा जादा अर्धा तास, आणि पेनल्टी म्हणजे क्लोज. मी इंजिनीअर, आणि मला हे कळायला २०० पौंड लागले.

मग मी तुमच्यासारखाच तक्रार करायला निघालो. कंपनीचं नाव घेत नाही, आणि तसाही फरक पडत नाही. चॅटवर तीन दिवसांत चार जण भेटले. प्रत्येकाने आधी माझा दिवस कसा चाललाय ते विचारलं. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्रत्येकाने तोच नियमांच्या पानाचा दुवा चिकटवला. अहो, एकाने तरी 'साहेब, तुमचा रकाना ९० मिनिटांचा होता' एवढं एक वाक्य माणसासारखं लिहावं! ते मला नंतर ऑफिसातल्या क्लीनरने सांगितलं, त्याच्या चहाच्या सुट्टीत, दोन मिनिटांत. चौथ्या चॅटवाल्याने तर माझी 'नाराजी दूर करायला' ५ पौंडांचा फ्री बेट दिला. त्या फ्री बेटचा किस्सा पुढे.

आणि मग केलेली खरी चूक. चार दिवसांनी फायनल, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया. गेलेले २०० वसूल करायचे म्हणून ३०० लावले. पुन्हा क्रोएशिया, पुन्हा मॅच रिझल्ट. या वेळी नियम माहीत असून, केवळ हट्टापायी. ज्या मान्जुकिचने मला टेबलाखाली नाचवलं होतं त्यानेच १८ व्या मिनिटाला स्वतःच्या गोलमध्ये हेडर मारला. मग व्हीएआरची, म्हणजे पंचांनी व्हिडिओ बघून दिलेली, पेनल्टी. फ्रान्स ४-२ ने जिंकलं. त्या आठवड्यात ५०० पौंड गेले. पुढच्या वर्षी घराच्या कर्जासाठी ब्रोकरने बँकेचं स्टेटमेंट मागितलं तेव्हा त्या नोंदींवर बोट ठेवून त्याने बायकोसमोर विचारलं, 'हे काय आहे?' तो प्रसंग मी इथे लिहिणार नाही.

तर धडा असा, की दोन भाव वेगळे दिसले तर दोन्हीकडे वस्तू वेगळी विकायला ठेवली आहे. बुकी मूर्ख नसतो. आधी रकान्याचा नियम वाचा, भाव नंतर. बाद फेरी असेल तर 'टू क्वालिफाय' (पुढे जाणार) किंवा 'टू लिफ्ट द ट्रॉफी' (ट्रॉफी उचलणार) असा रकाना वेगळा असतो, त्यात एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरतात. म्हणूनच तिथे भाव कमी.

भावाचं गणित. ५/२ म्हणजे २ लावले तर ५ नफा आणि तुमचे २ परत. दशांशात त्याच भावाला ३.५० म्हणतात, त्यात मुद्दल धरलेलं असतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन दशांश करून टाका, १३/८ आणि १५/८ मध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. मग १ भागिले भाव करा. ३.५० म्हणजे २८.६ टक्के. आता एका सामन्याचे तिन्ही भाव घ्या (एक टीम, बरोबरी, दुसरी टीम), समजा २.१०, ३.३० आणि ३.५०. टक्के होतात ४७.६, ३०.३ आणि २८.६. बेरीज १०६.५. शंभराच्या वरचे साडेसहा हा दुकानदाराचा गल्ला. तिन्ही बाजूंना त्या प्रमाणात पैसे लावले तर १०६.५० देऊन तुम्हाला १०० परत मिळतील, कोणीही जिंको. बेटिंगचं 'बेसिक' मला विचाराल तर एवढंच, बाकी सगळी सजावट आहे.

आता तुमच्या घरातली पोरं 'अ‍ॅका' लावतात असं तुम्ही लिहिलंय, चार-पाच सामने एकत्र बांधून. प्रत्येक सामन्यात असा गल्ला असेल तर चार सामन्यांच्या अ‍ॅकात शंभर पौंडांमागे सरासरी बावीसेक पौंड कापले जातात. एका सामन्यावर साधारण सहा. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात कशाची जाहिरात असते ते बघा, म्हणजे दुकानाला काय खपवायचंय ते कळेल.

इथे कुणीतरी लेस्टरचं काढणारच, म्हणून मीच काढतो. २०१५-१६ च्या मोसमाआधी लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकेल याला ५०००/१ भाव होता आणि ते जिंकले. मी त्याच गावात राहतो. बेलग्रेव्ह रोडवर भाजी घ्यायला गेलात तर दर दुसरा माणूस सांगेल की त्याच्या मेव्हण्याच्या मित्राने १० पौंड लावले होते. मेव्हणा कधी भेटत नाही. (हलकेच घ्या.) पण ज्यांनी खरंच लावले होते त्यांच्यातल्या काहींनी मोसम संपायच्या आत 'कॅश आउट' करून, म्हणजे निकालाआधीच बेट बुकीला परत देऊन, कमी पैशांवर समाधान मानलं, हे तेव्हा पेपरात गाजलं होतं. कॅश आउटच्या रकमेतही बुकीचा गल्ला असतो, एवढं लक्षात ठेवा. घाबरून बटण दाबणाऱ्यांवर त्यांचं दुकान चालतं, असं माझं तरी मत.

फ्री बेट: जिंकलात तर फक्त नफा मिळतो, त्या 'फुकट' पौंडांचं मुद्दल बहुतेक ठिकाणी परत येत नाही. माझे ते ५ पौंड दोनच्या भावावर जिंकले आणि हातात ५ आले, १० नाही. त्यावरूनही मी चॅटवर गेलो होतो. असो.

एशियन हँडिकॅपबद्दल तुम्ही विचारलंय. त्यात तुमच्या टीमच्या गोलांतून आधीच काही वजा धरतात. उणे अर्धा म्हणजे तुमची टीम जिंकलीच पाहिजे, बरोबरी चालणार नाही. उणे पाव म्हणजे निम्मे पैसे शून्यावर (बरोबरी झाली तर परत मिळतात), निम्मे उणे अर्ध्यावर, त्यामुळे बरोबरी झाली तर निम्मे परत आणि निम्मे गेले. हाही ९० मिनिटांवरच. यापुढे जाऊ नका, निदान या वर्षी तरी.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑनलाइन खातं उघडाल तर नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, खात्यात मी फक्त माझं टाकलं होतं, आणि जिंकलेले १४० पौंड तीन आठवडे अडकले. त्या मंडळींना वडिलांचं नाव मधे का आहे हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. २०१९ पासून ओळख आधी तपासावी लागते, त्यामुळे आता कटकट झालीच तर सुरुवातीलाच होते. इथे जिंकलेल्या पैशावर तुम्हाला कर नाही. क्रेडिट कार्डाने लावता येत नाही, ते एप्रिल २०२० पासून बंद आहे, आणि माझ्या मते तो या देशातला सगळ्यात शहाणा नियम.

फीसाठी घरून आलेल्या पैशाला मात्र हात लावू नका. नैतिक प्रवचन देत नाही. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत ज्या कारणांसाठी पैसे पाठवायला मनाई आहे त्या यादीत लॉटरीच्या शेजारी चक्क 'फुटबॉल पूल', म्हणजे फुटबॉलच्या निकालांवरच्या पैजा, असं लिहिलेलं आहे. बाबांनी शिक्षण म्हणून पाठवलेले पैसे तुम्ही तिकडे वळवले तर अडचणीत कोण येईल ते तुम्हीच ठरवा. आणि हे वाचून पुण्या-मुंबईत बसून कुणाला हुरूप आला असेल तर आवरा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेली आहे. या उत्तराचा उपयोग ब्रिटनमधल्यांपुरता.

हरलेले पैसे वसूल करावेसे वाटायला लागले, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचं बटण असतं. ते उठवायला बँकेप्रमाणे ४८ किंवा ७२ तास थांबावं लागतं, आणि तेवढ्यात फायनल होऊन जाते. गॅमस्टॉपवर (ऑनलाइन जुगारापासून स्वतःला बंद करून घ्यायची इथली सेवा) नोंद केली तर परवानाधारक सगळ्या साइट्स सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद. मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक वर्षाची केली होती. मदतीचा फोन ०८०८ ८०२० १३३, मोफत, २४ तास. हसू नका, मी एकदा केलाय.

राहता राहिली तक्रार. करायचीच तर आधी दुकानाकडे लेखी करा, त्यांना आठ आठवडे मिळतात, मग स्वतंत्र लवादाकडे जाता येतं आणि तुम्हाला त्याचा खर्च नाही. पण २-२ ला ३-२ कोणी म्हणणार नाही, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर तो वेळ डिझर्टेशनला दिला असता. त्यापेक्षा एक करा. त्या दिवशी 'ट्रॉफी उचलणार' या रकान्यात पॅलेसचा भाव काय होता ते कुठे सापडतंय का बघा आणि तुमच्या स्लिपवरच्या भावाशेजारी ठेवा. दोन्ही आकडे इथे टाका, मलाही बघायचेत.