पॉलिसीवर नाव कोणाचं?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी गप्प बसलो, कारण चिडलो होतो. तोंडी बोललो असतो तर काकूनं मध्येच फोन काढून घेतला असता. कागदावर कोणी अडवत नाही.

नेरुळचं बाबांचं घर भाड्यानं देताना ‘भाडेकरूनं विमा काढलाच पाहिजे’ अशी अट घालावी का, हा तुझा प्रश्न. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, तिकडे सर्रास घालतात. ब्रोकर म्हणतो, असलं काही मागाल तर गिऱ्हाईक पळेल. आणि शेवटी तू हळूच म्हणालीस, “काका, मी स्वतः घोडबंदरला भाड्यानं राहते, माझाच विमा नाही. कोणत्या तोंडानं मागू?” सगळ्या बोलण्यात शहाणपणाचं वाक्य तेवढंच होतं.

अट घाल. पण चुलतभाऊ सांगतो म्हणून नको, आणि त्याच्या पद्धतीनं तर नकोच.

नोकरीत आणि नंतर विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेयर म्हणून फिरताना मी कुठल्याही घरात शिरलो की आधी एकच विचारायचो: पॉलिसीवर नाव कोणाचं? लोकांना वाटायचं म्हातारा खवचट आहे. पण गंमत बघ. भाडेकरू म्हणतो, मालकाचा विमा असेल. मालक म्हणतो, सोसायटीचा आहे ना. सोसायटीनं इमारतीचा आग-भूकंपाचा विमा उतरवावा असं उपविधींत आहे खरं, पण तो इमारतीचा, आणि सेक्रेटरी बदलला की नूतनीकरण राहिलंच म्हणून समज. कर्ज चालू असलेला मालक म्हणतो, बँकेनं काढलाय. बँकेनं काढलेला असतो तो तिचं येणं बुडू नये म्हणून. अशा घरात माणसं, सामान, भिंती सगळं असतं, फक्त ज्याचं नुकसान होणार त्याच्या नावाचा कागद तेवढा नसतो.

कळव्याचं एक घर सांगतो. भाडेकरू कुटुंब गणपतीला गावी गेलेलं. मागे गिझरची कनेक्शन पाइप फुटली आणि पाणी खालच्या मजल्यावर ठिबकायला लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही. मी पोचलो तेव्हा दारांच्या चौकटी फुगलेल्या, लाद्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं. मालक उत्साहात, “साहेब, माझा विमा आहे, सगळं लिहून घ्या.” मी चौकटी लिहिल्या, लाद्या लिहिल्या, प्लास्टर लिहिलं. भाडेकरू बाईनं बॉक्सच्या पलंगातल्या साड्या काढून बाल्कनीच्या ग्रिलवर टाकल्या होत्या. एका मोतिया पैठणीत काठाचा लाल रंग पार पदरापर्यंत उतरला होता. ती एकेक साडी उलगडून मला दाखवत होती आणि मी पेन बंद करून खिशात घातलं होतं. पॉलिसीवर नाव मालकाचं, साड्या तिच्या. पुढे डिपॉझिटवरून दोघांची जुंपली. मालक म्हणे, गावी जाताना मेन कॉक बंद करायला काय झालं होतं? ती म्हणे, पाइप कुजकी कोणी ठेवली? ॲग्रीमेंटमध्ये एका शब्दानं काही नव्हतं.

त्या बाईच्या लेखी मी निष्ठुर ठरलो. त्याची खंत आहे. पण तेव्हा ‘माणुसकी’ म्हणून साड्या मालकाच्या नावावर चढवल्या असत्या तर? तो खोटा क्लेम झाला असता, आणि मालकाचा खरा क्लेमही अडकला असता. मी केलं ते बरोबरच होतं. काकूशी ह्यावरून अजून वाद होतो.

आता तुझ्या चुलतभावाकडे वळू. अमेरिकेत घरमालक जी अट घालतात, तिचा जीव सामानात नसतो, दायित्वात असतो. भाडेकरूच्या हातून आग लागली, पाणी वाहिलं, कोणी जखमी झालं, तर त्या भरपाईसाठी त्याच्याकडे कव्हर हवं. बऱ्याचदा एक लाख डॉलरचं मागतात. सामानाचा विमा त्याच पॉलिसीत येतो. आपले लोक मात्र त्या अटीचं नाव तेवढं उचलतात. नेरुळच्या भाडेकरूनं सोफा-फ्रिजचा विमा काढला आणि त्याच्या चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीनं तुझा हॉल जळाला, तर त्या पॉलिसीतून तुझ्या भिंतीला रुपया मिळणार नाही. कळतंय का? तुझ्या घराचं नुकसान, म्हणून त्या कागदावर नाव तुझं लागतं. म्हणजे दुसऱ्याकडे विमा मागण्याआधी तुझा स्वतःचा हवा. माझ्या माहितीप्रमाणे बाबांनी कर्ज फेडल्यावर तो काढलेलाच नाही.

ही माहिती आईलाही वाचून दाखव. 1 एप्रिल 2021 पासून घराच्या आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी द्यावीच लागते. आग, स्फोट, वीज, पूर, वादळ, भूकंप, दरड, टाकी किंवा पाइप फुटणं हे तिच्यात येतं. मालक म्हणून तुझं बांधकाम, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही. भाडेकरू नुसत्या सामानाची घेऊ शकतो. चोरी मात्र अशा घटनेच्या पाठोपाठ सात दिवसांत झाली तरच धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर. दायित्वही वेगळं घ्यावं लागतं, घराची अनेक कव्हरं एकत्र देणाऱ्या हाउसहोल्डर्स पॅकेजमध्ये तो भाग मिळतो. एजंट ‘सगळं येतं मॅडम’ म्हणाला की त्याला ते ईमेलवर लिहून दे म्हणावं. पुष्कळदा तिथेच संभाषण संपतं.

दायित्वाचा भाग भाडेकरूच्याही हिताचा आहे, हे त्याला सांग. त्याच्या निष्काळजीपणानं तुझं घर जळालं तर कंपनी तुला भरपाई देईल, आणि मग तोच पैसा त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तू कितीही गोड स्वभावाची असलीस तरी नोटीस त्याच्या पत्त्यावर जाऊ शकते.

आणि एक, ओल. तुमची सिडकोची जुनी इमारत, पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात दरवर्षी काळी बुरशी धरते. पाइप अचानक फुटली ते वेगळं. हळूहळू झिरपणारं पाणी सहसा घरविम्यात बसत नाही, ना तुझ्या ना त्याच्या. ते तुझं किंवा सोसायटीचं दुरुस्तीचं काम. विम्याची अट घालून ते भाडेकरूच्या गळ्यात मारशील तर माझ्याशी बोलू नकोस. अशा मालकांच्या घरी मी चहासुद्धा घेत नसे.

हप्ता कोणी भरायचा? तू. हो, तू. भाडेकरूनं त्याच्या नावानं पॉलिसी काढायची, पावती तुला दाखवायची, आणि तेवढी रक्कम पहिल्या महिन्याच्या भाड्यातून वजा. नुसत्या सामानाचा हप्ता तुमच्याकडच्या महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ असतो. दायित्वानं थोडा वाढेल, वाढू दे. आमच्या कोपरीच्या घराला मी सुरुवातीला नुसतीच अट घातली होती, तेव्हा एक फार चांगलं शिक्षकांचं कुटुंब निघून गेलं. “आमच्यावर विश्वास नाही का?” एवढंच म्हणाले. गेले ते गेले. अट मी काढली नाही, पण तेव्हापासून हप्ता मी भरतो. ब्रोकर म्हणतात, ही उलटी गंगा. असू दे. त्यानंतरच्या भाडेकरूंत ह्यावरून एकानंही कटकट केलेली नाही.

एकदा विमा काढला की झालं, असंही नाही. चारचौघं मिळून राहणारी ऐरोली-घणसोलीची आयटीतली पोरं आली, तर एकाच्या नावाची पॉलिसी बाकी तिघांच्या काय कामाची? आपली मंडळी अकरा महिन्यांनी घर बदलतात. जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या घरात फुकट, पत्ता बदलून घ्यावा लागतो. तुझा करार अकरा महिन्यांचा नि पॉलिसी वर्षाची, तेव्हा नूतनीकरणाला पॉलिसीची तारीख बघ. आणि अट तोंडी ठेवू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, त्याचं कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. तो नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरून चालतात. खोडायचं असेल तर पुरावा तू द्यायचा. विमा काढायची सक्ती कोणत्या कायद्यानं केलेली नाही, ती फक्त तुमच्या करारातून येते. पॉलिसी चुकून संपली तर पंधरा दिवसांची मुदत लिही. ‘घर खाली करावे’ वगैरे लिहू नकोस, तू ते करणार नाहीस आणि त्यालाही ते कळेल.

‘कोणत्या तोंडानं’चं उत्तर सोपं आहे, तुझी पॉलिसी काढून मग माग. तुझा मालक मागत नाही, हे काय कारण झालं? घोडबंदरच्या घरातलं सामान लिहून काढ. ऑफिसचा लॅपटॉप त्यात धरू नकोस, तो कंपनीचा. आईचं शिवणयंत्र तिनं तुला दिलंय की ठेवायला दिलंय, हे तिला विचार. बाराव्या मजल्यावर पूर कसला येतोय, असं तू म्हणशील; आग येते, वरच्या मजल्याचं पाणी येतं. आणि नेरुळ तर खाडीकाठचं. नवी मुंबईचा बराच भाग सखल म्हणून पावसाचं पाणी साठवून धरायला धारण तलाव बांधले. भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की पाणी निघायला वेळ लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तळमजल्यांचे पंचनामे करून आम्ही थकलो होतो. विमा नसलेलं घर आलं की नुसतं बघून पुढे जायचं.

ॲग्रीमेंटच्या नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा, तुमचा तो ‘थम्ब’, घ्यायला माणूस रविवारी येणार म्हणालीस. त्याच्याकडून मसुदा आधी मागव आणि मला पाठव, विम्याचं कलम मी मराठीत लिहून देतो. त्याच्याआधी नेरुळच्या घराची पॉलिसी काढ. हप्ता भरल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, तेव्हा ‘प्रपोजल दिलंय’ हे मला सांगू नकोस. पहिल्या पानाचा फोटो पाठव. घर अजून बाबांच्या नावावर आहे की आईच्या, तेही आत्ताच बघ, कारण सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) वारसाची नोंद झाली नसेल तर ॲग्रीमेंटवर सही कोणी करायची इथपासूनच घोळ आहे.

काकूनं डिंकाचे लाडू केलेत, शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका